जुगाड बंदरापर्यंत, दुरुस्ती पुढच्या सफरीसाठी



फॅब्रिकेशनच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, गेट-ग्रिल-शेड बनवण्यात चार पैसे सुटतात, पण रिपेअरिंगमध्ये काही उरत नाही. रिपेअरिंग घेणं बंद करू का?" विचारणारे कोणी चिखलीचे, कोणी मेहकरचे, कोणी नांदुऱ्याचे.

माझं उत्तर सरळ आहे. बंद करू नका. रिपेअरिंगमध्ये पैसा आहे, पण आपण भलत्याच गोष्टीचे पैसे मागतो. आपण टाक्याचे पैसे मागतो, रॉडचे मागतो, फार तर तासाचे मागतो. ग्राहकाला मात्र पाहिजे असतो भरवसा, की ही वस्तू आता कुठपर्यंत चालेल. तो भरवसा आपण देतही नाही आणि त्याचं बिलही करत नाही.

हे समजावून सांगायला आज मी शिडाच्या बोटीच्या डोलकाठीचं उदाहरण घेणार आहे. हसू नका. मला माहीत आहे, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात खारं पाणी म्हणजे एक तर लोणारचं सरोवर, नाही तर खारपाणपट्ट्यातल्या विहिरी. शिडाची बोट सोडावी असं पाणी जवळपास नाही आणि मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पलीकडे. पण दुरुस्तीचा धंदा खरा काय असतो, हे मला तिथे जेवढं स्वच्छ दिसलं तेवढं दुसरीकडे दिसलं नाही. कारण आपल्याकडे ट्रॉलीचा टाका सुटला तर शेतकरी दोन शिव्या देतो आणि परत येतो. भर समुद्रात डोलकाठीचा बोल्ट सुटला तर परत येण्याची सोयच उरत नाही.

आधी मांडव आठवा

डोलकाठी म्हणजे ज्याच्यावर शीड चढवतात तो उभा खांब. जुन्या काळी लाकडाचा, आता बहुतेक अॅल्युमिनियमचा किंवा कार्बन फायबरचा. लाकडाच्या काळात पश्चिम घाटातल्या पून नावाच्या सरळसोट झाडाला डोलकाठीसाठी मोठी मागणी होती, इतकी की इंग्रजांनी त्या लाकडाला नावच 'पून स्पार' पाडलं.

आता लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. खांब खड्ड्यात नुसता रोवला तर पहिल्याच वावटळीत आडवा होतो. म्हणून आपण चारी बाजूंनी तणावे ओढून खुंट्यांना बांधतो. डोलकाठीचंही तेच. पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी स्टीलच्या वायर रोपचे तणावे असतात. वारा शिडाला ढकलतो, शीड डोलकाठीला वाकवू पाहतं, तणावे तिला धरून ठेवतात आणि त्यांची ओढ बोटीच्या अंगात उतरते. तणावे जितके ताणले जातात तितकी डोलकाठी खाली दाबली जाते. म्हणजे तणावे ओढीत आणि खांब दाबात. वाऱ्यापासून बोटीच्या तळापर्यंत जाणाऱ्या या सगळ्या साखळीला मी 'भाराची वाट' म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डोलकाठी मोडते तेव्हा पुष्कळदा खांबाचा दोष नसतो. भाराच्या वाटेवरची एखादी चिल्लर वस्तू जाते. पिन, टर्नबकल, बोल्ट, नाही तर वायर जिथे टोपणात बसवलेली असते ते टोक. एक तणावा सुटला की त्या बाजूचा आधार गेला आणि पुढच्याच झोक्याला इतका मोठा खांब काडीसारखा मोडतो. बघणारा म्हणतो, "डोलकाठी तुटली." कारागिराने विचारायचं असतं, "आधी काय सुटलं?"

दुसरी एक गोष्ट आपल्या संग्रामपूर, शेगाव, जळगाव जामोदकडच्या मित्रांनी नीट वाचावी. स्टेनलेसला गंज लागत नाही, असं आपण ग्राहकाला छातीठोक सांगतो. खाऱ्या पाण्यात लागतो, आणि तोही जिथे पाणी साचतं पण हवा पोचत नाही अशा फटीत. वरून चकचकीत, आतून चिरलेलं. म्हणून लांबच्या सफरी करणारे लोक तणाव्यांच्या वायरी दहा-पंधरा वर्षांत बदलूनच टाकतात, तुटायची वाट बघत नाहीत. तसंच अॅल्युमिनियमच्या खांबात स्टेनलेसचा बोल्ट थेट ठोकला आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते. उपाय स्वस्त आहे, दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिकचा वॉशर किंवा त्यासाठी मिळणारी पेस्ट. सोलर पॅनेलची अॅल्युमिनियमची फ्रेम लोखंडी बोल्टने आवळणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं.

एका शर्यतीत पाच डोलकाठ्या

आता खरी गोष्ट. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचं भारतीय नौदलाचं स्वप्न ज्यांनी लावून धरलं ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी राहायचे कुठे? समुद्रकिनारी नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या फलटणजवळ विंचुर्णीला. त्या स्वप्नासाठी 'म्हादेई' ही ५६ फुटी बोट बांधली गोव्यात दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस शिपयार्डने. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये चार थांबे घेत तिच्यातून जगाला वळसा घालून मुंबईला परतले. मग अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये तीच बोट घेऊन एकटे आणि कुठेही न थांबता जाऊन आले.

२०१८ मध्ये अभिलाष 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत उतरले. एकट्याने, न थांबता, बाहेरची मदत न घेता आणि जीपीएससारखी आधुनिक साधनं न वापरता पृथ्वीला फेरी मारायची. त्यांची 'थुरिया'सुद्धा गोव्याच्या त्याच यार्डात बांधलेली होती, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या 'सुहैली'च्या नमुन्यावर. सुहैली मूळची मुंबईत सागवानात बांधलेली, तिनेच १९६८-६९ ची पहिली शर्यत जिंकली होती.

२१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने थुरियाला लोळवलं. डोलकाठी गेली, अभिलाष यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. हलता येत नाही अशा अवस्थेत ते बोटीत पडून होते. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं. त्या एका शर्यतीत पाच बोटींच्या डोलकाठ्या गेल्या. नियमाप्रमाणे शर्यत पूर्ण करणारेही पाचच.

बोट बांधणाऱ्यात खोट होती असं इथे कोणी म्हणत नाही, तसल्या वादळात भल्याभल्यांचं चालत नाही. हे सांगतोय ते एवढ्यासाठी की, खांब, पिन, बोल्ट, टाका या शब्दांच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी कणा असतो. तुमच्या वर्कशॉपातून बाहेर पडणाऱ्या ट्रॉलीवर कापूस वेचून परतणाऱ्या बायका बसलेल्या असतात. तिथेही हाच हिशोब आहे.

जुगाड वाईट नाही, पण त्याला हद्द आहे

त्याच शर्यतीत नॉर्वेचे आरे विग होते. केप टाऊनपासून सुमारे ४०० सागरी मैलांवर त्यांची डोलकाठी गेली. त्यांनी उरल्यासुरल्या सामानातून तात्पुरती काठी उभी केली, जमेल तेवढं शीड लावलं आणि कुणाच्या मदतीशिवाय केप टाऊन गाठलं. आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या दोन्ही डोलकाठ्या अभिलाष सापडले त्याच वादळात गेल्या. त्यांनीही तात्पुरतं शीड उभारलं आणि कुठे निघाले माहीत आहे? जखमी अभिलाष यांच्या दिशेने.

याला म्हणायचं जुगाड. आणि असल्या जुगाडाला माझा कडक सलाम आहे. पण एक गोष्ट बघा. विग बंदराला पोचल्यावर "चाललंय ना, मग राहू द्या" म्हणत त्याच काठीवर पुढच्या महासागरात घुसले नाहीत. त्यांची शर्यत तिथेच थांबली. जुगाडाचं काम बंदरापर्यंत नेण्याचं. बंदर आलं की तो उतरवायचा आणि दुरुस्तीला हात घालायचा.

आपल्याकडे नेमकं इथे घोडं पेंड खातं. सोयाबीनच्या दिवसांत रात्री अकराला थ्रेशर बंद पडतो, आभाळ भरून आलेलं असतं, तेव्हा तुम्ही पट्टी मारून तो चालू करून देता. शाब्बास, तेच करायला पाहिजे. पण ती पट्टी पुढच्या वर्षीही तिथेच असते, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. का? कारण ही पट्टी रात्रीपुरती आहे हे तुम्ही सांगितलं नाही. ग्राहकाने दिलेले पैसे त्याच्या मते दुरुस्तीचे, तुम्ही दिलेली वस्तू मात्र जुगाड. ही फसवणूक तुमच्या मनात नसते, पण व्यवहारात होऊन जाते.

माझं ठाम मत आहे: दुरुस्ती करणाऱ्याचा खरा माल म्हणजे "हे कुठपर्यंत चालेल" हे खरं सांगणं. वेल्डिंग गावात दहा जण करतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाची दुरुस्ती

आता तुम्ही म्हणाल, सर, एखाद्याला मधे बंदरच नसेल तर? ती शर्यत जिंकणाऱ्याची गोष्ट ऐका.

फ्रान्सचे जाँ-ल्युक व्हान दन हीड, वय ७३. ५ नोव्हेंबर २०१८ ला चिलीच्या पश्चिमेला प्रशांत महासागरात लाटेने त्यांची बोट पालथी होईपर्यंत लोळवली. बोट सरळ झाली तेव्हा डोलकाठी उभी होती. पण खालचे तणावे जिथे डोलकाठीला बोल्टने धरले होते, तिथे तो बोल्ट अॅल्युमिनियम फाडत काही सेंटीमीटर खाली सरकला होता. तणावे ढिले पडले. आधी त्यांनी चिलीच्या बंदराकडे वळायचं ठरवलं होतं. मग स्वतः डोलकाठीवर चढून दोराने बांधाबांध केली, तणावे पुन्हा ओढले आणि पुढे निघाले. २९ जानेवारी २०१९ ला फ्रान्सला पहिले पोचले.

मग हा जुगाड पार शेवटपर्यंत चालला की! चालला, पण का चालला ते समजून घ्या. पहिलं, त्यांनी खांबाला पट्ट्या गुंडाळत बसण्यात वेळ घालवला नाही. जिथे भाराची वाट तुटली होती तीच जागा धरली. दुसरं, दुरुस्तीनंतर ते पूर्वीसारखे पळाले नाहीत. डोलकाठीला जपत, भार कमी ठेवत गेले. मागचा स्पर्धक मार्क स्लाट्स जवळ येत होता, आघाडी घटत होती, तरी त्यांनी बोट ताणली नाही. वस्तूची ताकद कमी झाली म्हणून तिच्यावरचं ओझंही कमी केलं.

हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. तात्पुरती दुरुस्ती करायची असेल तर भारही तात्पुरता कमी झाला पाहिजे. ड्रॉबारला पट्टी मारून दिली तर ट्रॉली रिकामी घरी जाईल. गिट्टी भरून जाणार असेल तर ते काम आपलं नाही.

आधी काठी कापली, मग शर्यत जिंकली

याच माणसाची आणखी एक गोष्ट मला त्या दुरुस्तीपेक्षा मोठी वाटते. शर्यत सुरू होण्यापूर्वी त्यांनी आपल्या बोटीची डोलकाठी दीड मीटरने कापून आखूड केली होती. शर्यतीत सगळ्यांना पाहिजे वेग, वेगासाठी पाहिजे शीड, शिडासाठी पाहिजे उंची. हा गडी निघण्याआधीच उंची कमी करून बसला! कारण त्यांना माहीत होतं की, शर्यत पोचणारा जिंकतो आणि वाटेत वादळ नक्की आहे.

यामागचं शास्त्र सोपं आहे. सडपातळ खांब दाबाखाली चिरडत नाही, तो मधे वाकून जातो. इंजिनिअरिंगचा जुना नियम सांगतो की, तोच पाइप, तसाच धरलेला, पण मधल्या आधाराशिवायची लांबी दुप्पट केली तर तो पेलू शकणारा दाब चौथाईवर येतो. उलट लांबी दहा टक्के कमी केली तर ताकद साधारण तेवीस टक्क्यांनी वाढते. एक रुपयाचं लोखंड न लावता! शिवाय उंचीवरचं वजन तरफेसारखं काम करतं. २५ मीटर उंच डोलकाठीच्या टोकाला दहा किलोचं काही बसवलं, तर बोट कलंडल्यावर ते मीटरभर उंचीवरच्या अडीचशे किलोइतकं बोटीला ओढतं.

आता हेच आपल्या धंद्यात बघा. "भाऊ, फाळके दोन फूट वाढवून द्या, कापूस जास्त बसतो." कापूस हलका, म्हणून तुम्ही वाढवून देता. कापूस संपला की त्याच ट्रॉलीत मुरूम येतो, शेणखत येतं, वरपर्यंत. फाळका तुम्ही मजबूत केलाय, पण आस तोच, टायर तेच, ड्रॉबारची पिन तीच. भाराच्या वाटेचं एक टोक वाढवलं आणि बाकीची वाट तशीच ठेवली. वळणावर ट्रॉली कलंडली की गाव म्हणतं, ड्रायव्हर प्यायलेला होता. पुष्कळदा वजन वर गेलेलं असतं.

शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत लिहिलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर चौकशी "हे कोणी वाढवलं?" इथपर्यंत येऊ शकते. तेव्हा मालक तुमच्याकडेच बोट दाखवणार. म्हणून बदल करून मागणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, "यात सगळ्यात जड काय भरणार?" तो काय सांगतो त्यावर काम घ्यायचं की नाही ते ठरवायचं.

किनाऱ्यावरची दुरुस्ती कशी असते

बंदरात आलेली मोडकी डोलकाठी जाणकार कारागीर कशी जोडतो? यात आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे.

अॅल्युमिनियमची असेल तर दोन तुकडे समोरासमोर धरून नुसती वेल्डिंग मारत नाहीत. डोलकाठीला वापरतात तसल्या, उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेल्या अॅल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागली की त्या पट्ट्यात त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. टाका मजबूत, शेजारचा धातू मऊ. म्हणून आतून घट्ट बसेल असा जोडतुकडा, म्हणजे स्लीव्ह, दोन्ही बाजूंना लांबपर्यंत घालतात आणि रिव्हेट किंवा स्क्रूने पक्का करतात. भोकं एका ओळीत घेत नाहीत, मागेपुढे घेतात, नाही तर कागदावरच्या टाचणीच्या ओळीसारखा तिथेच फाटतो. आणि तणावे किंवा आडवे आधार येऊन मिळतात, म्हणजे जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथे जोड येऊ देत नाहीत.

लाकडाची असेल तर तिरकस सांधा. तिरप्या कापाची लांबी जाडीच्या आठ ते बारा पट. म्हणजे चार इंच जाडीच्या लाकडाला बारा पट धरली तर चार फूट लांबीचा काप! आपल्या सुतारांना विचारा, बंडीची मोडलेली दांडी जोडताना शहाणा सुतार काप लांबच घेतो. दोन्ही बाजूंना चिकटायला जागा जास्त मिळाली की भार हळूहळू एका तुकड्यातून दुसऱ्यात जातो. आखूड सांध्यात तो एकदम उडी मारतो आणि सांधा सुटतो.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम असतं. डोलकाठी उतरवून आडवी ठेवायची, प्रत्येक पिन काढायची, प्रत्येक बोल्टभोवती भिंग लावून चिरा शोधायच्या, वायर हातमोजा घालून चाचपायची. एक तार जरी तुटून वर आलेली असली तरी ती पकडते. हे दिवसभराचं काम आहे आणि त्यात एकही टाका मारला जात नाही. ग्राहक याचे पैसे देतो. तुमच्याकडे असंच काम तुम्ही चहा पिता-पिता फुकट करून देता. इथेच तुमचा नफा वाहून जातो.

आता "सगळं आपणच बनवलं पाहिजे" असं मानणाऱ्यांसाठी. नौदलाची दुसरी बोट 'तारिणी' गोव्यात बांधली गेली आणि १८ फेब्रुवारी २०१७ ला ताफ्यात आली. सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये तिच्यातून जग फिरून आल्या, २०२४-२५ मध्ये दोघी जणी फिरून आल्या. बोट गोव्याची, पण तिची २५ मीटर उंच डोलकाठी मात्र केप टाऊनच्या सदर्न स्पार्स कंपनीकडून खास करून घेतलेली. यात कमीपणा काय? जी वस्तू गेली तर माणूस जातो, ती ज्याचा तोच धंदा आहे त्याच्याकडून घ्यावी. ड्रॉबारची पिन वर्कशॉपात पडलेला कुठलाही रॉड कापून बनवू नका. योग्य मापाची, प्रक्रिया केलेली चांगली पिन खामगाव-अकोल्याहून आणा, वर तुमचा नफा लावा. विकत आणलेल्या वस्तूवर नफा घेणं हे पाप नाही.

तीन ओळींची पावती

आता कामाचं. उद्यापासून रिपेअरिंगच्या प्रत्येक कामावर तीन ओळी लिहून द्यायच्या.

पहिली ओळ, काय तुटलं. "ड्रॉबारचा डावा टाका."

दुसरी ओळ, का तुटलं. "पिनचं भोक झिजून मोठं झालं, त्यामुळे झटके बसत होते."

तिसरी ओळ, हे काम कुठपर्यंत. "तात्पुरती पट्टी. रिकामी ट्रॉली घरी नेण्यापुरती. माल भरू नये. आठ दिवसांत भोकाला बुश आणि नवीन पिन." किंवा, काम पक्कं केलं असेल तर, "पूर्ण दुरुस्ती. एवढ्या टनापर्यंत चालेल. पुढच्या हंगामाआधी एकदा दाखवून घेणे."

आता पैसे. समजा कामाचे ८०० रुपये होतात. तपासणीचे २०० वेगळे लिहा आणि सांगा, "काम माझ्याकडे केलं तर हे बिलातून वळते करीन." ज्याला काम करायचं आहे त्याला जास्त द्यावे लागत नाहीत, जो नुसता अंदाज घेऊन जातो त्याच्याकडून तुमच्या डोक्याचे पैसे मिळतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, महिन्याभरात गावाला कळतं की या माणसाच्या नजरेला किंमत आहे.

तुमच्या शंका मला माहीत आहेत. "सर, गावात पावती कोण घेतो?" नका देऊ कागद. काम व्हायच्या आधीचा आणि नंतरचा फोटो काढा, तीन ओळी बोलून व्हॉइस मेसेज करा, ग्राहकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा. तारखेसकट पुरावा त्याच्याकडेही राहतो आणि तुमच्याकडेही.

"सर, ग्राहक म्हणतो जास्त शिकवू नका, फक्त टाका मारा. नाही म्हटलं तर शेजारी जातो." जाईल. काही जण नक्की जातील आणि पहिले काही महिने गल्ला हलका वाटेल, हे मी लपवत नाही. डोलकाठी जपत जाणाऱ्या त्या म्हाताऱ्याचीही आघाडी घटत होती. पण तुम्ही सोडलेलं काम कोणतं ते बघा. जे उद्या तुटून तुमच्याच नावाने ओरडणार होतं, तेच ना? शेजाऱ्याला ते लाभो.

"सर, मग आम्ही रात्री-अपरात्री जुगाड करायचाच नाही का?" करायचा, आणि रात्रीचा जादा दर लावून करायचा. शेतात उभं पीक आणि वरून पाऊस असताना "नियमात बसत नाही" म्हणणारा कारागीर काय कामाचा? फक्त त्या पट्टीवर पिवळ्या रंगाचा एक पट्टा मारा. तुमच्या वर्कशॉपचा नियमच करून टाका. पिवळा पट्टा म्हणजे तात्पुरतं काम. शेतकऱ्याला ते रोज दिसेल, त्याच्या मुलाला दिसेल, आणि हंगाम संपला की तो पट्टाच त्याला तुमच्याकडे परत घेऊन येईल. पैसे न खर्चता झालेली याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही.

जाता जाता अभिलाष टॉमींचं पुढे काय झालं ते सांगतो. पाठीच्या ऑपरेशननंतर ते पुन्हा चालायला शिकले आणि २०२२ मध्ये त्याच शर्यतीत परत उतरले. २९ एप्रिल २०२३ ला २३६ दिवसांनी दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. मोडलेलं पुन्हा उभं राहतं, पण त्यासाठी वेळ द्यावा लागतो आणि काय मोडलं होतं ते खरं सांगणारा माणूस लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या दुकानातून गेल्या तीन महिन्यांत बाहेर गेलेली दहा रिपेअरिंगची कामं वहीत लिहा. प्रत्येकापुढे खरं-खरं लिहा, जुगाड की दुरुस्ती. ज्याच्यापुढे जुगाड लिहिलं, त्या ग्राहकाला आज फोन करा. "दादा, त्या दिवशी केलेलं काम तात्पुरतं होतं, माल भरण्याआधी एकदा आणून दाखवा." दहापैकी तीन जण जरी आले तरी तीन पक्की कामं मिळाली. आणि न आलेल्या सातांनाही कळलं की त्यांच्या ट्रॉलीची काळजी करणारा एक माणूस आहे.

फोन केल्यावर समोरून काय उत्तर आलं ते व्हिडिओखाली जरूर लिहा. पुढच्या भागात आपण तपासणीचा दर कसा ठरवायचा, याचा हिशोब मांडू.